नोकरी गेल्यानंतरची कमाई : भत्ता, भरपाई आणि कायद्याचा हिशेब

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यातून कमी केलेला कामगार दुसऱ्या दिवसापासून हातावर हात ठेवून बसत नाही. घणसोलीत भावाच्या दुकानात उभा राहतो, संध्याकाळी दुचाकीवरून पार्सले पोचवतो, पावसाळ्यात गावी जाऊन भातलावणी उरकून येतो. या कमाईचे कायद्याने काय करायचे? तिच्यामुळे बेकारीचा भत्ता बंद करायचा, तेवढी रक्कम वजा करायची, की तिच्याकडे पाहायचेच नाही? जगभर बेकारी विम्याचे कायदे या प्रश्नाशी झगडत आले आहेत. आपल्याकडे त्याची उत्तरे एका कायद्यात सापडत नाहीत. विमा महामंडळाच्या योजना, औद्योगिक विवादांचे कायदे आणि न्यायालयांचे निकाल यांत ती विखुरलेली आहेत, आणि ती परस्परांशी जुळतातच असे नाही. ही उत्तरे काय आहेत, त्यांमागे कोणत्या भूमिका आहेत आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

कामगारांसाठी विमा असावा ही चर्चा स्वातंत्र्याच्या आधीची. प्रा. बी. पी. आडारकर यांनी १९४४ मध्ये औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा आला. आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा ही संकटे त्याने विम्याखाली आणली. नोकरी जाणे हे संकट मात्र त्यात नव्हते.

नोकरी जाण्याची जबाबदारी दुसऱ्या वाटेने मालकावर टाकली गेली. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये दुरुस्ती होऊन ले-ऑफची (काम तात्पुरते थांबवल्याची) आणि कपातीची भरपाई आली. ले-ऑफच्या काळात मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम आणि कायमचे कमी केल्यास दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, असे तिचे स्वरूप होते. बेकारीसाठी विमा निधीतून पैसे मिळायला आणखी अर्धे शतक जावे लागले. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना १ एप्रिल २००५ पासून सुरू झाली. कारखाना बंद पडला, कपात झाली किंवा कायमचे अपंगत्व आले, तरच ती लागू होते. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ति कल्याण योजना प्रायोगिक म्हणून आली आणि वेळोवेळी मुदतवाढ मिळत राहिली. दैनंदिन व्यवहारात ‘बेकारीचा ईएसआय’ म्हणून ज्याची चौकशी होते ती बहुधा हीच योजना.

ज्या पट्ट्यात या योजनांची परीक्षा होते, त्याचाही चेहरा याच काळात बदलला. दिघ्यापासून नेरुळपर्यंतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक क्षेत्रात एकेकाळी रसायनांचे मोठे कारखाने आणि कायम कामगार होते. त्यांतले बरेच बंद झाले किंवा आटले. त्यांच्या जागी गोदामे, आयटी पार्क, डेटा सेंटर आणि कंत्राटदारांमार्फत चालणारी कामे आली. कायदे घडले तेव्हा डोळ्यांसमोर होता एका मालकाकडे वीस-वीस वर्षे राबणारा कामगार. आज दारात उभा असतो तो दोन-तीन ठिकाणांहून तुकड्यातुकड्यांनी कमावणारा माणूस.

आधीची कमाई : भत्ता ठरतो कशावर

कमाईचा प्रश्न दोनदा येतो. नोकरी जाण्याआधीच्या कमाईवर भत्त्याची रक्कम ठरते, आणि गेल्यानंतरच्या कमाईवर ती टिकते की जाते हे ठरते. पहिल्या भागाकडे चर्चेत सहसा दुर्लक्ष होते, म्हणून तो आधी पाहू.

अटल योजनेत मागच्या चार अंशदान कालखंडांतील, म्हणजे दोन वर्षांतील एकूण कमाईला ७३० ने भागून रोजची सरासरी काढतात. २०१८ मध्ये या सरासरीच्या २५ टक्के मदत होती. कोविडच्या काळात, ऑगस्ट २०२० च्या निर्णयाने, ती ५० टक्के झाली. मदत जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. त्याच निर्णयाने अर्ज करण्याआधीची थांबण्याची मुदत ९० दिवसांवरून ३० वर आली आणि जुन्या मालकामार्फत न जाता थेट शाखा कार्यालयात दावा देण्याची मुभा मिळाली.

समजा, रबाळ्याच्या एका पॅकेजिंग युनिटमध्ये १८ हजार पगारावर असलेल्या कामगाराची नोकरी गेली. दोन वर्षांची कमाई ४ लाख ३२ हजार. भागिले ७३०, म्हणजे रोजचे सुमारे ५९२ रुपये. निम्म्या दराने रोजची मदत २९६ रुपयांच्या आसपास आणि ९० दिवसांचे सुमारे २६,६३० रुपये. आता याच कामगाराला मध्ये कंत्राटदाराने दोन महिन्यांचा ‘ब्रेक’ दिला होता असे धरू. कमाई ३ लाख ९६ हजार होते, भाजक ७३० च राहतो आणि एकूण मदत सुमारे २४,४१० वर येते. म्हणजे बिनपगारी गेलेले दिवस दोनदा लागतात : तेव्हा पगार बुडतो आणि आता भत्ता घटतो. भाजक कॅलेंडरचा ठेवला की हिशेब सोपा होतो आणि मदतही कॅलेंडरच्या दिवसांनी मोजता येते, हे या पद्धतीच्या बाजूने म्हणता येते. मात्र ज्यांची नोकरी आधीपासूनच अस्थिर, त्यांनाच ती कमी देते, ही तिची दुसरी बाजू.

कमाई म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न उघडा आहे. ईएसआयसाठी पगाराची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१ हजार आहे. तिच्यावर कमावणारा योजनेबाहेर. जुन्या व्यवस्थेत ओव्हरटाइम या मर्यादेसाठी धरला जात नसे, पण अंशदान त्यावर कापले जाई. घरभाडे भत्ताही वेतनात येई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने वेतनाची नवी व्याख्या आणली. तीत घरभाडे, प्रवासभत्ता, ओव्हरटाइम हे वगळलेले आहेत. पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर जास्तीचा भाग पुन्हा वेतनात धरायचा आहे. ज्याची पगारपावती भत्त्यांनी फुगलेली आहे त्याचा आधार वाढू शकतो. ज्याची कमाई ओव्हरटाइमवर चालते त्याचा कमी होऊ शकतो.

नंतरची कमाई : विमा योजनेचा नियम

भत्ता घेताना कमाई झाली तर? विमा योजनेचे उत्तर ‘हो किंवा नाही’ अशा धाटणीचे आहे. एकाहून जास्त मालकांकडे विमाधारक असलेला माणूस सगळीकडची कामे गेल्यावरच बेकार ठरतो. मदत चालू असताना दुसरीकडे नोकरी लागली की मदत थांबते. पुनर्नियुक्तीच्या तारखेपर्यंतचेच पैसे मिळतात. विमा कायद्याखालची दुसरी रोख मदत त्याच काळासाठी घेता येत नाही, कायमच्या अपंगत्वाचा हप्ता मात्र चालू राहतो. २०२० पर्यंत दावा प्रतिज्ञापत्रावर होई; खोटे लिहून दिल्यास दंडाची तरतूद आहे. शिस्तभंगाने काढलेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले आणि बेकायदा ठरलेल्या संपावर गेलेले कामगार यातून वगळले आहेत.

थोडे काम आणि थोडा भत्ता, अशी मधली पायरी या नियमात नाही. किती कमावले हा प्रश्नच विचारला जात नाही. नोकरी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते.

न्यायालयांची वाट

बेकायदा काढलेल्या कामगाराला परत घेताना मधल्या वर्षांचा पगार द्यायचा का, या प्रश्नावर न्यायालयांनी मात्र बरेच बारकाईने लिहिले आहे. इथे कळीचा मुद्दा असतो ‘लाभदायक रोजगार’.

औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ पासून लागू झालेल्या कलम १७-ब ने एक तोल साधला. कामगाराला परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर तोवर शेवटचा पूर्ण पगार द्यायचा. कामगाराने आपण कुठे नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र द्यायचे. तो नोकरीत होता आणि ‘पुरेसा मोबदला’ मिळवत होता असे सिद्ध झाले, तर पगार थांबवता येतो. पुढे मालक जिंकला तरी ही रक्कम परत मागता येत नाही, कारण ती उदरनिर्वाहासाठी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. ‘पुरेसा’ या अटीमुळे विमा योजनेत नसलेली पायरी इथे आली : कमाई आहे एवढ्याने भागत नाही, ती किती आहे हेही पाहावे लागते.

मागील पगाराच्या प्रश्नात ही रेष आणखी ठळक होते. १९८४ च्या एका दिल्लीच्या प्रकरणात काढलेला माणूस सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत मदत करून कुटुंबासह दिवस ढकलत होता. याला लाभदायक रोजगार म्हणायचे तर पोटासाठी भीक मागणाऱ्यालाही तसेच म्हणावे लागेल, या अर्थाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले. उलट २००७ मध्ये कर्नाटकातल्या एका एसटी कर्मचाऱ्याचे शेतीचे उत्पन्न लाभदायक मानले गेले आणि स्वतःचा धंदाही त्यात येतो, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

सिद्ध कोणी करायचे, यावरही मते बदलत गेली. १९७८ च्या हिंदुस्थान टिन वर्क्स निकालाने पूर्ण मागील पगार हा साधारण नियम मानला. २००५ पासूनच्या काही निकालांत आपण बेकार होतो हे आधी कामगाराने मांडावे, असा कल आला. ऑगस्ट २०१३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या क्रांती कनिष्ठ अध्यापक महाविद्यालय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही धागे जुळवले. हे प्रकरण औरंगाबादच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचे. शाळा न्यायाधिकरणाने दिलेला मागील पगार उच्च न्यायालयाने काढून घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. आपण बेकार होतो किंवा कमी पगारावर काम करत होतो एवढे कर्मचाऱ्याने सांगावे. त्याला पूर्वीइतकाच पगार मिळत होता असे मालकाचे म्हणणे असेल, तर त्याने पुराव्यानिशी ते दाखवावे, असे सूत्र ठरले. अलीकडे, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आपल्या एसटी महामंडळाच्या एका बडतर्फ चालकाला ७५ टक्के मागील पगार मिळाला. टक्केवारीचा हा मार्ग न्यायालयांना परिचित आहे. विमा योजनेला तो नाही.

कमाईकडे न पाहणारी भरपाई

तिसरी वाट कपातीच्या भरपाईची. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार घेऊन कामगार दुसऱ्याच दिवशी महापेत नव्या कंपनीत रुजू झाला, तरी भरपाई कमी होत नाही. ती केलेल्या सेवेची आहे, पुढच्या हलाखीची नाही. औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेणाऱ्या औद्योगिक संबंध संहितेतल्या पुनर्कौशल्य निधीची धाटणी हीच : कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने शेवटच्या पंधरा दिवसांचा पगार भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जायचा. ले-ऑफ मात्र वेगळा. तिथे नोकरी संपलेली नसते, म्हणून जुन्या कायद्यात त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या आस्थापनेत दिलेले योग्य काम नाकारले तर भरपाई जात असे.

प्रत्यक्षात पुष्कळांचा खरा बेकारी निधी म्हणजे भविष्यनिर्वाह निधी. २०१८ पासून महिनाभर बेकार राहिल्यावर ७५ टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता येत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने ७५ टक्के लगेच आणि उरलेले बारा महिन्यांनी असा निर्णय घेतला. हा पैसा कामगाराचाच, त्यामुळे मधल्या छोट्या कमाईची वजावट होत नाही. पण तो खर्च होतो म्हातारपणातून.

मधल्या पायरीचा देशी नमुना मुंबईच्या गोदीत मिळतो. १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखालच्या योजनेत राखीव यादीतल्या कामगाराला महिन्याला ठरावीक दिवसांच्या वेतनाची हमी होती. प्रत्यक्ष मिळालेल्या हजेऱ्या त्यात मोजल्या जात आणि कमी पडलेल्या दिवसांची भरपाई होई. मालक बदलते, काम अनियमित आणि नोंदणी एका मंडळाकडे, ही रचना १९६९ च्या माथाडी कायद्याने उचलली. वाशीच्या बाजार समितीतल्या टोळ्या आजही मंडळामार्फतच पगार घेतात. ग्रामीण भागात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीने बेकारी भत्ता दिला. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात कुटुंबाची मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीइतके झाले की भत्ता थांबे. म्हणजे तिथे मोजमाप माणसाचे नव्हते, घराचे होते.

बाहेरचे हिशेब

जर्मनीत आठवड्याला पंधरा तासांहून कमी काम करणारा बेकार मानला जातो. महिन्याला १६५ युरोपर्यंतची कमाई त्याची, त्यापुढची भत्त्यातून वजा. फ्रान्समध्ये पगाराच्या ७० टक्के रक्कम भत्त्यातून कापतात. न्यूयॉर्क राज्यात पूर्वी आठवड्यातला कामाचा प्रत्येक दिवस, मग तो तासाभराचा का असेना, पाव भत्ता खाऊन टाकी. २०२१ मध्ये दिवसांऐवजी तास मोजायला सुरुवात झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२ च्या करारात भत्त्याचे किमान प्रमाण ४५ टक्के, तर १९८८ च्या करारात ५० टक्के आहे.

वरच्याच रबाळ्याच्या कामगाराला हे हिशेब लावून पाहू. त्याची महिन्याची मदत सुमारे ८,८७७ रुपये. पार्सले पोचवून तो खर्च वजा जाता ६ हजार कमावतो असे धरू. ही नोकरी धरली आणि मदत थांबली, तर हातात ६ हजार. म्हणजे काम न करता जे मिळाले असते त्याहून कमी. कमाई रुपयाला रुपया वजा केली, तर ८,८७७; काम केले काय, न केले काय, सारखेच. ७० टक्के वजा केले, तर १०,६७७. काहीच वजा केले नाही, तर १४,८७७. पूर्वीच्या पगाराच्या बरेच जवळ.

तीन भूमिका

पहिली भूमिका : काम मिळाले की भत्ता संपला. निधी अंशदानातून येतो, मालकाच्या ३.२५ आणि कामगाराच्या ०.७५ टक्क्यांतून, तो पूर्ण बेकारांसाठी राखावा. मधल्या पायऱ्या आल्या की तपासणी येते, तपासणी आली की खेपा आणि विलंब येतात. रोखीच्या कमाईचा पुरावा शाखा कार्यालयाने आणायचा कुठून? ९० दिवसांच्या छोट्या मदतीसाठी साधा नियम बरा, असे ही बाजू म्हणते.

दुसरी भूमिका : अंशतः वजावट. पूर्ण थांबवण्याने लोक छोटी कामे टाळतात किंवा लपवतात. थोडी कमाई राखू दिली तर माणूस कामाच्या संपर्कात राहतो. यावर परदेशी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अर्धवेळ काम काहींना पूर्णवेळ नोकरीकडे नेते. काहींना भत्ता अधिक तुटपुंजे काम यांतच अडकवून ठेवते, आणि मालकही त्याचा फायदा घेऊन तुकड्यांची कामे वाढवतो. कमाई किती राखू द्यायची आणि किती काळ, यावर सगळे अवलंबून असते.

तिसरी भूमिका : कमाई पाहूच नका. नोकरी जाणे हेच नुकसान. त्याची ठरलेली रक्कम द्या आणि मोकळे व्हा. लपवाछपवीचे कारणच उरत नाही. आक्षेप असा की लगेच नोकरी मिळालेल्याला आणि वर्षभर वणवणणाऱ्याला सारखेच मिळते, आणि विम्याचा मूळ हेतू गरजेचाच होता.

आपल्या कायद्यात या तिन्ही भूमिका एकाच वेळी नांदतात : पहिली विमा योजनेत, दुसरी गोदीच्या हमीत आणि न्यायालयांच्या निकालांत, तिसरी कपातीच्या भरपाईत. याला विसंगती म्हणण्याची घाई नको. प्रत्येक ठिकाणी पैसा वेगळ्या गोष्टीबद्दल दिला जातो. भत्ता आजच्या गरजेचा, मागील पगार मालकाच्या चुकीचा, भरपाई केलेल्या सेवेची. पैसा कशाबद्दल आहे हे ठरले की कमाई मोजायची की नाही, हे बरेचसे आपोआप ठरते. अडचण येते ती भत्त्याच्या बाबतीत, कारण तिथे ‘गरज’ मोजायला हवी असताना ‘नोकरी’ मोजली जाते.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न ॲपवरच्या कामाचा. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर केली आणि ॲप कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली. मग कारखान्यातून सुटलेल्याने संध्याकाळी पार्सले पोचवली, तर ती ‘पुनर्नियुक्ती’ झाली का? शब्दशः पाहिले तर नाही. ‘लाभदायक रोजगार’ या न्यायालयीन अर्थाने पाहिले तर होऊ शकते. उलट बाजूही आहे : वर्षभर ॲपवर राबलेल्याचे खाते अचानक बंद झाले, तर त्याला बेकारीची मदत कोणत्या आधीच्या कमाईवर मोजायची?

दुसरा प्रश्न कंत्राटी कामगाराचा. मुदतीचा करार संपून पुढे न वाढवणे हे जुन्या कायद्यात कपात धरले जात नसे, त्यामुळे भरपाईचे दार बंद. आणि किमान अंशदान-दिवसांच्या अटीमुळे भत्त्याचे दारही अनेकदा किलकिलेच.

तिसरा प्रश्न पडताळणीचा. भविष्यनिर्वाह निधीचा खातेक्रमांक, विमा क्रमांक आणि ई-श्रम नोंदणी जोडल्या, तर कमाई महिन्याच्या महिन्याला दिसू शकेल, आणि अंशतः वजावट अशक्य आहे हा जुना आक्षेप दुबळा होईल. पण दिसेल ती नोंदलेली कमाई. भावाच्या दुकानातली, भातलावणीची कमाई तशीच अदृश्य राहील, आणि नियम कडक केला तर नोंदलेल्या वाटेने कमावणाराच आधी सापडेल.

चौथा प्रश्न आयुष्यात एकदाच मिळणाऱ्या मदतीचा. तिशीत तीन महिने बेकार झालेल्याने ती वापरली, तर पंचेचाळिशीत कंपनी स्थलांतरित झाल्यावर त्याला याच योजनेतून काही मिळत नाही. अंशतः वजावट आली आणि न वापरलेले दिवस पुढे नेता आले, तर छोटे काम घेणाऱ्याला ते दिवस राखून ठेवण्याचेही कारण मिळेल.

यातले किती संहितांच्या नियमांतून सुटेल आणि किती ठाण्याच्या कामगार न्यायालयापासून वरपर्यंत पुन्हा लढवले जाईल, हे पुढच्या काही वर्षांत ठरेल. नियम लिहिणाऱ्यांपुढचा पहिला निर्णय मात्र टक्केवारीचा नाही. ही मदत नोकरी नसल्याची आहे की कमाई घटल्याची, हे आधी लिहावे लागेल. भाजक, मर्यादा आणि वजावट त्यानंतरची.